प्राचीन माया लोकांचे घर, समाज आणि धर्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया संस्कृतीचे नाव निघाले की बहुतेकांना जंगलातले उंच पिरॅमिड, नरबळी आणि २०१२ मधील 'जगबुडी' एवढेच आठवते. या पानावरील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी चूल, शेत आणि बाजार येतात, राजा आणि देव त्यानंतर. माया धर्मातील कितीतरी कल्पना मक्याच्या शेतातून आणि पाट्या-वरवंट्याच्या शेजारून आलेल्या आहेत, आणि ती जागा आधी पाहिली नाही तर देवळांवरच्या चित्रांचा अर्थ लागत नाही.

माया लोक कोण होते आणि केव्हा होऊन गेले?

'होऊन गेले' हा शब्दप्रयोग चुकीचा आहे, कारण ते आजही आहेत. त्याविषयी शेवटी लिहिले आहे. त्यांचा प्रदेश म्हणजे आजच्या मेक्सिकोचा आग्नेय भाग, संपूर्ण ग्वाटेमाला आणि बेलीझ, तसेच होंडुरास व एल साल्वाडोर यांचे पश्चिमेकडील भाग. अभ्यासक त्यांच्या प्राचीन इतिहासाचे तीन टप्पे करतात : सुमारे इ.स.पू. २००० ते इ.स. २५० हा पूर्व-अभिजात काळ, २५० ते ९०० हा अभिजात काळ आणि ९०० पासून स्पॅनिश आक्रमणापर्यंतचा उत्तर-अभिजात काळ. तिकाल, पालेंके, कोपान, कालाकमुल ही नावाजलेली शहरे अभिजात काळात भरभराटीला आली, तर चिचेन इत्साचे वैभव त्या काळाच्या अखेरीस आणि त्यानंतरचे. 'माया साम्राज्य' असे मात्र कधीच नव्हते. ती एकमेकांशी सोयरीक करणारी, व्यापार करणारी आणि वारंवार लढणारी अनेक नगरराज्ये होती.

'माया' या नावाचा संस्कृत 'माया' शब्दाशी किंवा मयासुराशी काही संबंध आहे का?

नाही. हा केवळ उच्चारातील योगायोग आहे. हे नाव युकातान द्वीपकल्पातले असून मायापान या शहराच्या नावातही ते दिसते. अभिजात काळातील लोक स्वतःची ओळख आपल्या गावावरून, घराण्यावरून आणि राजावरून सांगत. त्या सगळ्यांना मिळून 'माया' म्हणण्याची पद्धत पुष्कळ नंतरची आहे. मयासुराने पिरॅमिड बांधल्याचे संदेश अधूनमधून फिरत असतात, परंतु भारत आणि मध्य अमेरिका यांच्यात प्राचीन काळी संपर्क होता असे दाखवणारी एकही वस्तू, एकही लेख माया प्रदेशातल्या उत्खननात मिळालेला नाही.

सामान्य माणसाचे घर कसे असे?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर एका दुर्घटनेमुळे मिळाले आहे. एल साल्वाडोरमध्ये, माया प्रदेशाच्या आग्नेय टोकाला, जोया दे सेरेन नावाचे एक शेतकरी खेडे इ.स. ६०० च्या आसपास जवळच्या लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली कित्येक मीटर खोल गाडले गेले. १९७६ मध्ये तिथे बांधकामासाठी बुलडोझर चालवताना जुन्या भिंती दिसल्या आणि पुढे पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे वर्षानुवर्षे उत्खनन झाले. राजवाड्यांतून आणि देवळांतून न मिळणारी माहिती या एका गावाने दिली आहे.

प्रत्येक कुटुंबाचे घर म्हणजे एक इमारत नसून लहान लहान वास्तूंचा गट होता : झोपण्या-बसण्याची खोली वेगळी, कोठार वेगळे, स्वयंपाकघर वेगळे. भिंती कुडाच्या आणि वर मातीचा गिलावा, छप्पर गवताचे. स्वयंपाकघरात तीन दगडांची चूल, बाजूला दळायचा पाटा, मिरच्या टांगलेल्या, घरात सुमारे सत्तर मातीची भांडी, काहींत घेवडा भरलेला. ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेची धारदार पाती छपराच्या गवतात खोचून ठेवलेली होती, बहुधा पोराटोरांचा हात पोहोचू नये म्हणून. कोठारात एक बदक बांधलेले होते आणि छपरात उंदीर होते. भांडी जेवणानंतर धुतलेली नव्हती आणि झोपायच्या चटया अजून अंथरलेल्या नव्हत्या, यावरून उद्रेक दिवेलागणीच्या सुमारास झाला असावा असे अनुमान काढले गेले. घरात माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत. लोक जेवणावरून उठून पळाले असावेत.

शेतातली पिके कुजून गेली तरी राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतल्यावर मक्याची ताटे जशीच्या तशी हाती आली. कणसे वाळावीत म्हणून ताटे मधोमध मोडून खाली वाकवलेली होती. गावात सुमारे डझनभर माणसे मावतील असे घुमटाकार बाष्पस्नानगृहही होते. गरीब शेतकऱ्याच्या घरात काकाओच्या, म्हणजे ज्यांपासून चॉकलेट करतात त्या बिया, रंगवलेले भोपळ्याचे पेले आणि दूरवरून आलेले ऑब्सिडियन सापडावे, ही गोष्ट 'सगळे राजाकडे आणि प्रजा उपाशी' या ठोकळेबाज चित्रात बसत नाही.

त्यांचे रोजचे जेवण काय होते?

मका, आणि पुन्हा मका. तो नुसता दळून खात नसत. दाणे चुना घातलेल्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवत, सकाळी धुऊन साली काढत आणि मग दगडी पाट्यावर वाटून त्याचा ओला लगदा करत. या प्रक्रियेला आज निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे दाण्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. मका युरोपात गेला तेव्हा ही युक्ती त्याच्याबरोबर गेली नाही, आणि जिथे गोरगरिबांनी केवळ मक्यावर दिवस काढले तिथे पेलाग्रा हा आजार पसरला. ज्या बायका दिवसाचे कित्येक तास पाट्यावर वाकून असत त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता, पण चुना टाकायचा राहिला तर चालत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

या लगद्याचे तमाले करत, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले उंडे, आत कधी घेवडा, भोपळ्याच्या बिया, टर्की किंवा हरणाचे मांस. भाकरीसारखी तोर्तिया आज मेक्सिकोची ओळख असली तरी अभिजात काळातील माया चित्रांत ताटात दिसतात ते तमाले. लगदा पाण्यात कालवून शिजवलेली आटोल ही पातळ पेज न्याहारीला असे. पाळीव प्राणी मोजकेच होते : कुत्रा, टर्की, क्वचित बदक आणि युकातानमधील बिननांगीच्या मधमाश्या.

काकाओचे पेय मात्र मानाचे. साखर त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे ते कडसर असे आणि त्यात कधी मिरची, कधी व्हॅनिला घालत. ते एका उंच भांड्यातून दुसऱ्यात वरून ओतून त्यावर फेस आणत. ग्वाटेमालातील रिओ असुल येथे १९८४ मध्ये एका पाचव्या शतकातील थडग्यात फिरकीचे झाकण असलेले भांडे सापडले. माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांनी त्यावरचा 'काकाव' हा शब्द वाचला आणि नंतर आतल्या चिकट अवशेषांची रासायनिक तपासणी केली तेव्हा ते काकाओच निघाले.

मराठी घराशी या स्वयंपाकाचा खरा धागा एवढाच : मिरची, मका, पेरू, पपई ही सारी मूळची अमेरिका खंडातली असून ती प्रामुख्याने पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर, सोळाव्या शतकापासून, आपल्याकडे आली. त्याआधी आपला ठेचा नव्हता आणि त्यांच्याकडे मिरे नव्हते.

घनदाट जंगलात एवढ्या लोकांचे पोट कसे भरत असे?

पूर्वी असे मानले जाई की जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन वर्षे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरायचा आणि मग जमीन पडीक टाकायची, एवढीच त्यांची शेती होती. मिल्पा नावाची ही पद्धत होतीच आणि आजही आहे. परंतु तिच्यावर मोठी शहरे जगू शकत नाहीत. २०१८ मध्ये उत्तर ग्वाटेमालातील २,१४४ चौरस किलोमीटर भागाच्या हवाई लेसर सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झाडीखाली ६१,४८० बांधकामे, पायऱ्या-पायऱ्यांची शेते, दलदलीतून काढलेले कालवे आणि उंचवट्यावरचे वाफे दिसून आले. त्यावरून मध्यवर्ती सखल प्रदेशात इ.स. ६५० ते ८०० या काळात ७० लाख ते १ कोटी १० लाख लोक राहत असावेत असा अंदाज संशोधकांनी मांडला.

पाण्याचा प्रश्न त्याहून कठीण होता. तिकालला नदी नाही. पाऊस धो धो पडतो आणि मग महिनोन्‌महिने थेंब नाही, शिवाय चुनखडीच्या जमिनीत पाणी मुरून खोल जाते. म्हणून चौक आणि अंगणे गिलावा करून उतरती ठेवली जात आणि पावसाचे पाणी तलावांत वळवले जाई. तिकालच्या एका तलावात स्फटिकी वाळू आणि झिओलाइट हे खनिज यांचा वापर पाणी गाळण्यासाठी झाल्याचे २०२० मध्ये दाखवले गेले. युकातानात नैसर्गिक विहिरी, म्हणजे सेनोते, होत्या, आणि जिथे त्याही नव्हत्या तिथे जमिनीत हंड्यासारखी टाकी खोदली जात.

बैल, गाडी आणि लोखंड नसताना पिरॅमिड कसे बांधले?

माणसांच्या पाठीवर. ओझे पाठीवर घेऊन त्याचा पट्टा कपाळावर अडकवायचा, अशी वाहतुकीची रीत होती. चाकाची कल्पना मध्य अमेरिकेत ठाऊक होती, चाके लावलेली मातीची खेळणी मेक्सिकोत सापडलेली आहेत. पण ओढायला जनावरच नसेल तर गाडीचा उपयोग काय? चुनखडीचा दगड मऊ असल्याने गारगोटीच्या हत्यारांनी तो घडवता येई, आणि तोच भाजून चुना मिळे. कोबा ते याशुना हा सुमारे शंभर किलोमीटरचा उंच, चुन्याने पांढरा केलेला रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी होता.

त्यांच्यात बाजार होते का? पैसा होता का?

होते. कालाकमुल येथे २००४ मध्ये सापडलेल्या सातव्या शतकातील भित्तिचित्रांत राजे नाहीत, देव नाहीत. आहेत ती खाणारी, पिणारी आणि विकणारी माणसे. प्रत्येकाच्या बाजूला नाव म्हणून त्याचा माल लिहिलेला आहे. माया भाषेतला 'आह' हा पूर्वपद आपल्या 'वाला-वाली' सारखा चालतो, त्यामुळे 'आह अत्साम' म्हणजे मीठवाला, 'आह माय' म्हणजे तंबाखूवाला, 'आह उल' म्हणजे आटोलवाला, असे ते सरळ वाचता येते. एका चित्रात निळ्या झिरझिरीत वस्त्रातली एक बाई दुसरीच्या डोक्यावर भले मोठे मडके चढवायला हात देते आहे. माया कलेतले माझे सर्वांत आवडते चित्र विचाराल तर ते हेच.

नाणी नव्हती, पण काकाओच्या बिया आणि सुती कापड यांचा वापर मूल्य म्हणून होत असे. बोनाम्पाक येथील, इ.स. ७९० च्या सुमाराच्या, भित्तिचित्रात राजासनाजवळ ठेवलेल्या एका गाठोड्यावर 'पाच पिक काकाव' असे लिहिले आहे. पिक म्हणजे आठ हजार, म्हणजे चाळीस हजार बिया खंडणी म्हणून आलेल्या. युकातानच्या किनाऱ्यावरून मीठ, मोताग्वा नदीच्या खोऱ्यातून जेड हा मौल्यवान हिरवा दगड आणि डोंगराळ भागातून ऑब्सिडियन येई. १५०२ मध्ये, आपल्या चौथ्या सफरीत, कोलंबसाला होंडुरासच्या किनाऱ्याजवळ मालाने भरलेली मोठी होडी भेटली. तिच्यातून सांडलेल्या काकाओच्या बिया लोक डोळ्याची बुबुळे पडल्यासारखे धडपडून वेचत होते, अशी नोंद आहे.

समाजात वर्ग होते का?

होते, आणि त्यांतील अंतर मोठे होते. सर्वांत वर 'कुहुल अहाव', म्हणजे दैवी राजा. त्याच्या खाली सरदार घराणी, गावोगावचे अधिकारी, पुरोहित आणि लेखक-चित्रकार. त्यानंतर शेतकरी, कारागीर, हमाल हा बहुसंख्य समाज, आणि तळाला गुलाम, ज्यांत युद्धकैदी आणि कर्जात बुडालेले लोक असत. राजाला 'दैवी' म्हणत असले तरी त्याचे काम आरामाचे नव्हते. पाऊस, पीक आणि विजय यांची जबाबदारी त्याच्या अंगावर होती, आणि पाऊस पडला नाही की तीच त्याच्यावर उलटत असे. पालेंकेचा किनिच हानाब पाकाल ६१५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, गादीवर बसला आणि ६८३ मध्ये मरेपर्यंत राज्य करत राहिला. त्याचे जेडचा मुखवटा घातलेले शव देवळाच्या पोटातल्या थडग्यात १९५२ मध्ये आल्बेर्तो रूस यांना सापडले.

स्त्रियांचे स्थान कसे होते?

दळणे, रांधणे आणि विणणे ही कामे स्त्रियांची. माग एका टोकाला झाडाला आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच्या कंबरेला बांधून त्या सूत विणत. ग्वाटेमालात आजही असे माग चालतात. कापडाने खंडणी भरली जात असल्याने हे काम केवळ घरगुती म्हणून सोडून देता येत नाही.

राजघराण्यात त्यांचे वजन होते. पालेंकेत पाकालच्या आधी योहल इकनाल या राणीने स्वतः राज्य केले. पाकालला त्याची आई साक कुक मुकुट देत असल्याचे शिल्प राजवाड्यात आहे. ६८२ मध्ये दोस पिलासहून नारान्होला आलेल्या, 'सिक्स स्काय' या नावाने अभ्यासकांत ओळखल्या जाणाऱ्या, राजकन्येने तिथले मोडकळीस आलेले घराणे पुन्हा उभे केले. तिचा मुलगा पाच वर्षांचा असताना गादीवर बसला, पण शिलास्तंभावर कैद्याला पायाखाली तुडवत उभी आहे ती आई.

बाळांची डोकी चपटी करत असत, हे खरे आहे का?

खरे आहे. तान्ह्या मुलाचे डोके दोन फळ्यांमध्ये बांधून ते मागे निमुळते केले जाई. मक्याच्या देवाचे डोके कणसासारखे लांबट दाखवतात, त्याच्याशी या आवडीचा संबंध जोडला जातो. मोठेपणी दात कानसून त्यांना छिद्रे पाडून जेडचे तुकडे बसवून घेण्याचीही हौस होती. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू दिएगो दे लांदा लिहितो की तिरळेपणा सुंदर मानत आणि त्यासाठी मुलांच्या कपाळावर डोळ्यांसमोर लोंबेल असे काही बांधत.

त्यांची लिपी चित्रलिपी होती का?

दिसायला चित्रे, पण चालायला बरीचशी आपल्या बाराखडीसारखी. काही चिन्हे पूर्ण शब्दासाठी होती. बाकीची व्यंजन आणि स्वर मिळून होणाऱ्या अक्षरांसाठी : 'का', 'की', 'कू' याप्रमाणे. 'काकाव' लिहायचे तर का-का-वा अशी तीन अक्षरे मांडायची आणि शेवटचा स्वर उच्चारायचा नाही. 'घर' लिहिताना 'र' मधला 'अ' असूनही तो न उच्चारणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागू नये. पाश्चात्त्य विद्वानांना मात्र ती पटायला फार वेळ लागला. १९५२ मध्ये सोव्हिएत संशोधक युरी क्नोरोझोव्ह यांनी ती मांडली, आणि पुढची काही दशके ती धुडकावली गेली. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी शिलालेखांत राजांचे जन्म, राज्यारोहण आणि मृत्यू यांच्या तारखा आहेत हे दाखवले, आणि 'शांत, आकाशाकडे डोळे लावून बसलेले ज्योतिषी' ही माया लोकांची जुनी प्रतिमा कोसळली.

झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा हात देऊन लिहिलेली पुस्तके शेकड्याने असणार. जुलै १५६२ मध्ये मानी येथे लांदाने ती जाळली, आणि त्यामुळे लोकांना अतोनात दुःख झाले असे स्वतःच लिहून ठेवले. आज चार पुस्तके उरली आहेत. विचित्र गोष्ट अशी की क्नोरोझोव्ह यांना उकल सापडली ती याच लांदाने लिहून ठेवलेल्या अक्षरांच्या यादीतून.

त्यांचे मुख्य देव कोणते?

हातात कुऱ्हाड घेऊन ढग फोडणारा पर्जन्यदेव चाक, सूर्यदेव किनिच अहाव, वृद्ध आणि ज्ञानी इत्समना, विजेचा आणि राजसत्तेचा काविल, सुईणीचे काम करणारी म्हातारी देवी चाक चेल. एकच देव चार दिशांना चार रंगांत असे : पूर्वेला तांबडा, उत्तरेला पांढरा, पश्चिमेला काळा, दक्षिणेला पिवळा. डोंगर जिवंत मानत आणि गुहा त्याचे तोंड. पिरॅमिड हा त्यांच्या लेखी माणसाने रचलेला डोंगरच होता.

या सर्वांच्या मध्यभागी तरुण मक्याचा देव उभा आहे. तो कापला जातो, पाताळात जातो आणि कासवाच्या फुटलेल्या पाठीतून, म्हणजेच भेगाळलेल्या जमिनीतून, पुन्हा उगवतो. सान बार्तोलो येथील इ.स.पू. १०० च्या आसपासच्या भित्तिचित्रांतही तो आहे. ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या 'पोपोल वुह' या ग्रंथात, ज्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत अठराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्सिस्को शिमेनेस या पाद्र्याने उतरवून घेतली, देव माणूस घडवण्याचा प्रयत्न वारंवार करतात. मातीचा माणूस पाण्यात विरघळतो. लाकडाचा माणूस चालतो-बोलतो, पण त्याला हृदय नाही आणि स्मरणही नाही. तेव्हा त्याच्यावर पूर येतो, आणि मग त्याच्या घरातली मडकी, कुत्री, टर्की आणि पाटेसुद्धा त्याच्यावर उलटतात : रोज आम्हाला रगडलेत, आता आम्ही तुम्हाला रगडतो. शेवटी श्मुकाने ही देवांची आजी पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा वाटते आणि त्या लगद्यातून आजचा माणूस घडतो.

किरिग्वा येथील एका शिलास्तंभावर जगाच्या आरंभाचे वर्णन आहे. त्या दिवशी देवांनी काय केले? तीन दगड मांडले. सृष्टीची सुरुवात म्हणून चूल मांडणारे देव मला दुसरीकडे कुठे भेटलेले नाहीत.

घरात कोणती धार्मिक कृत्ये होत?

कोपाल नावाची राळ जाळणे, शेत तोडण्यापूर्वी परवानगी मागणे, मधाच्या आणि मक्याच्या नैवेद्याचे विधी. माणूस मेला की त्याच्या तोंडात वाटलेला मका आणि जेडचा मणी घालत, आणि पुष्कळदा त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. तेच कुटुंब त्यावर नवी जमीन करून राहत असे. पूर्वज पायाखाली असल्याने ती जागा आपली, हा हक्कही त्यातून सांगितला जाई.

नरबळी खरोखर देत असत का?

देत असत, पण त्याआधी स्वतःच्या रक्ताचे अर्पण समजून घ्यायला हवे, कारण ते अधिक रूढ होते. देवांनी माणूस घडवला हे ऋण, आणि ते फेडायचे ते सर्वांत मोलाच्या वस्तूने. याश्चिलानच्या एका कोरीव चौकटपट्टीवर राणी कबाल शोक गुडघे टेकून आपल्या जिभेतून काट्यांची दोरी ओढते आहे, समोरच्या टोपलीतल्या कागदावर रक्त ठिबकते आहे आणि राजा हातात मशाल धरून उभा आहे. त्या विधीची तारीख इ.स. ७०९ मधली आहे. तो कागद जाळला की धुरातून पूर्वज प्रकट होतात, अशी श्रद्धा होती. हे शिल्प आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

युद्धात पकडलेल्या सरदारांचा बळी देणे हा राजकारणाचा भाग होता. मुलांचेही बळी दिले जात. चिचेन इत्सा येथे पवित्र सेनोतेजवळच्या भूमिगत टाकीत मिळालेल्या ६४ मुलांच्या अस्थींची जनुकीय तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ते सगळे मुलगे होते, त्यांतले बरेच एकमेकांचे जवळचे नातलग होते आणि दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या. पोपोल वुहमध्ये पाताळात जाणारे नायक जुळे भाऊ आहेत, ही गोष्ट संशोधकांना लगेच आठवली.

चेंडूच्या खेळात हरणाऱ्याचे डोके उडवत असत का?

प्रत्येक सामन्यात नाही. भरीव रबराचा जड चेंडू कमरेने टोलवायचा हा खेळ गावोगाव खेळला जाई. त्याचे मोठे, विधीचे रूप वेगळे. चिचेन इत्साच्या, सुमारे १६८ मीटर लांबीच्या, मैदानावर शिरच्छेदाचे शिल्प आहे, आणि पोपोल वुहमधील जुळे पाताळाच्या देवांशी हाच खेळ खेळतात.

त्यांचे कॅलेंडर कसे होते? २०१२ चे काय?

दोन चक्रे एकाच वेळी फिरत. एक २६० दिवसांचे, तेरा अंक आणि वीस दिवसनावे यांच्या जोडीतून होणारे. मुलाचे नाव, लग्नाचा, पेरणीचा दिवस त्यावर पाहत. दुसरे ३६५ दिवसांचे : वीस दिवसांचे अठरा महिने आणि शेवटी पाच अशुभ दिवस. दोन्ही चक्रे ५२ वर्षांनी मूळ जागी येत. त्याहून लांब काळासाठी इ.स.पू. ३११४ पासून दिवसांची सलग मोजणी होती, तिला 'दीर्घ मोजणी' म्हणतात. तिच्यासाठी वीस हा पाया, एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी बहुधा शिंपला असे अंक होते. हे शून्य भारतीय शून्याशी संबंध नसताना स्वतंत्रपणे सुचलेले आहे.

२१ डिसेंबर २०१२ रोजी या मोजणीतला तेरावा 'बाकतुन', म्हणजे सुमारे ३९४ वर्षांचा एक कालखंड, पूर्ण झाला, एवढेच. पालेंकेच्या शिलालेखात तर पाकालच्या राज्यारोहणाचा संदर्भ देऊन इ.स. ४७७२ मधील एका दिवसाचा उल्लेख आहे. २०१२ मध्ये जग संपणार असे माया लोकांना वाटत असते तर त्यांनी ४७७२ ची बेगमी करून ठेवली नसती.

मग माया संस्कृती अचानक का नाहीशी झाली?

अचानक नाही, आणि सगळीकडे नाही. नवव्या शतकात दक्षिणेकडील सखल भागातली शहरे एकामागून एक ओस पडली. दीर्घ दुष्काळ, आपसातली युद्धे, जंगलतोड, आणि पाऊस आणू न शकलेल्या राजांवरचा उडालेला विश्वास ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. माझ्या मते शेवटचे कारण पुरेसे गांभीर्याने घेतले जात नाही. कोपानमध्ये ८२२ सालची एक चौरस वेदी आहे. तिची एक बाजू कोरलेली आहे, तिच्यावर नवा राजा आपल्या पूर्वसुरीसमोर बसला आहे. दुसऱ्या बाजूला काम सुरू झाले आणि तसेच राहिले. दीर्घ मोजणीतली शेवटची तारीख तोनिना येथे ९०९ मधली आहे. उत्तरेत मात्र चिचेन इत्सा आणि नंतर मायापान भरभराटीला आले, आणि पेतेन इत्सा सरोवरातले नोहपेतेन हे शेवटचे स्वतंत्र माया राज्य स्पॅनिशांच्या हाती पडायला १६९७ साल उजाडावे लागले.

आज माया लोक कुठे आहेत?

ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ६२ लाख, म्हणजे ४१ टक्क्यांहून अधिक, लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवले. मेक्सिकोतील युकातान आणि चियापास येथे, तसेच बेलीझमध्ये आणखी लाखो आहेत. सुमारे तीस माया भाषा अजून बोलल्या जातात. हे टिकून राहणे सोपे नव्हते : ग्वाटेमालाच्या १९६० ते १९९६ या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली किंवा नाहीशी केली गेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या आयोगानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. १९९२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू या किचे मायाच आहेत.

२६० दिवसांची मोजणी ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात अखंड चालू आहे. तिथे दिवस राखणाऱ्या जाणत्यांना 'अहकिह' म्हणतात. मोमोस्तेनांगो या गावात दर २६० दिवसांनी, 'आठ बात्स' हा दिवस आला की, शिकून तयार झालेल्या नव्या अहकिहांना दीक्षा देतात, आणि मातीच्या जुन्या वेद्यांवर कोपालचा धूर दिवसभर निघत राहतो.